वरची फळी

“निळी सॅक आली का गं, पोरी?”

मावशींनी रोजच्यासारखं खिडकीच्या जाळीला तोंड लावून विचारलं. ‘हरवले-सापडले’च्या खिडकीमागची नवी कारकून हे ऐकायला दुपारपासून टपूनच बसली होती. कारण आज सॅक होती!

विद्यापीठाच्या बसस्थानकावर बदली होऊन तिला महिनाच झाला होता. पोरं बसमध्ये काय काय विसरतात, देवा! छत्र्या, डबे, एकदा तर चक्क एका पायातला बूट. मावशींना मात्र एकच सॅक हवी असायची, त्यांच्या मुलाची. दोन वर्षांपूर्वी परीक्षेला म्हणून निघाला, तो परतलाच नाही. “स्वेटर घातलाय मी आत,” मावशी सांगायच्या, “आणि दम्याचा पंप. पंपाशिवाय त्याचं पान हलत नाही.”

“नाही हो आली, मावशी,” म्हणणं कारकूनबाईच्या अगदी जिवावर यायचं. आणि मावशी? “बरं, बरं. उद्या येते हं,” म्हणत चक्क हसायच्या. जाताना बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक पोराच्या खांद्याकडे बघायच्या. डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या, असं कारकूनबाईला वाटायचं.

आधीचे कारकूनकाका निवृत्त होताना तिला बजावून गेले होते, “वरच्या फळीला हात लावू नकोस.” कामचुकार मेला! आज तिनं पदर खोचला, स्टुलावर चढली आणि ती फळी झाडायला काढली. अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली निळी सॅक. उसवलेली चेन लाल दोऱ्यानं परत शिवलेली, मावशी सांगायच्या तश्शी. तिनं काकांना मनातल्या मनात लाखोली वाहिली. एका आईला दोन वर्षं हेलपाटे घालायला लावले!

“आली हो, मावशी! इथंच होती!” तिनं सॅक जाळीखालून सरकवली.

मावशींनी हात पुढे केलाच नाही. बाहेर बस लागली, पोरं धावत चढली, बस गेली. फलाट रिकामा झाला. मग त्यांनी एका बोटानं लाल दोरा चाचपला. चेन उघडली. स्वेटरची घडी मोडलेली नव्हती. घडीवर पंप होता. तो मुठीत धरून त्या मटकन खाली बसल्या.

“मावशी, अहो काय झालं? पाणी देऊ?”

मावशींनी मान वर केली.

“आत्तापर्यंत ही त्याच्या खांद्यावर होती गं.”