प्रश्नपत्रिकेची शिफारस

“पण का, सर?” मुलीने विचारलं आणि वेळापत्रक विभागाच्या प्रमुखांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

शहर बससेवेच्या त्या कचेरीत तिला वर्षही झालं नव्हतं. कॉलेज संपवून थेट आलेली. तेवढ्यात तिने प्रमुखांना सळो की पळो करून सोडलं होतं. शेवटची बस सिनेमा सुटायच्या आधीच का निघते? इस्पितळाचा थांबा इस्पितळापासून लांब का? सगळी कचेरी तिला ‘प्रश्नपत्रिका’ म्हणायची. हसणाऱ्यांचं काय जातं? उत्तरं द्यायला प्रमुख बसले होते. निवृत्तीपर्यंतचे दिवस शांतपणे काढावेत एवढीच त्या माणसाची इच्छा, आणि नशिबाने समोर आणून बसवली ही.

“आज ‘का’ नको. काम काय ते बोल,” ते वैतागून म्हणाले.

“मला सार्वजनिक धोरण या विषयात पदव्युत्तर शिकायचंय. अर्ज भरतेय. पण तिथे अनुभव मागतात आणि माझा हा एवढासा. तुम्ही शिफारसपत्र द्याल?”

“कुठे आलं हे कॉलेज?”

“लांब आहे, सर. दोन वर्षं तिकडेच राहावं लागेल.”

प्रमुखांचा जीव भांड्यात पडला. “देतो की. आजच देतो.”

ते लिहायला बसले. खरं लिहावं तर पोरीला कोणी घेणार नाही, आणि नाही घेतलं तर ही पुन्हा समोर हजर. तेव्हा त्यांनी हात सैल सोडला. इस्पितळाचा थांबा तिने हलवला होता, ते खरंच होतं. डोकं खाऊन खाऊन सही घेतली होती तिने. पण तेवढ्याने काय होणार? शाळांच्या फेऱ्या त्यांनी स्वतः उन्हातान्हात फिरून बसवल्या होत्या, त्या तिच्या नावावर घातल्या. तोट्यातले मार्ग एकमेकांना जोडले, तेही तिनेच. ज्या नव्या वेळापत्रकासाठी त्यांनी रात्रीचा दिवस केला होता, तेही देऊन टाकलं. शेवटी लिहिलं, ‘खरं तर विभाग हीच चालवते.’ वाचून त्यांना स्वतःलाच तिचा हेवा वाटला.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत वर संचालकबाईंकडे जायची. जाऊ दे. वर कोण वाचतंय?

मग वाट बघणं सुरू झालं. मुलीपेक्षा प्रमुखच जास्त उतावीळ. “काही कळलं का गं?” ते रोज विचारायचे.

“सर, तुम्हाला माझी किती काळजी,” एकदा ती म्हणाली. प्रमुखांना क्षणभर लाज वाटली. मग तिने तिकिटाचे टप्पे असेच का, असं विचारलं आणि लाज पळाली.

एके दिवशी संचालकबाईंनी त्यांना वर बोलावलं.

“त्या कॉलेजातून फोन होता. इतक्या थोड्या दिवसांत एवढं काम खरंच केलंय का, विचारत होते,” बाई म्हणाल्या. “म्हणून तुमचं पत्र काढून वाचलं. खरं आहे ना सगळं? खोट्या दाखल्यावर सही करणाऱ्याची नोकरी जाते, तुम्हाला ठाऊकच आहे.”

प्रमुखांनी घाईघाईने मान डोलावली. “अक्षरन् अक्षर खरं आहे, मॅडम.”

“मग अशी मुलगी मी जाऊ देईन होय? विभाग तीच चालवते, तेव्हा खुर्चीही तिलाच दिली. हो म्हणाली. एकही प्रश्न न विचारता.”

“आणि मी, मॅडम?”

“तेच बघत होते. इतकी वर्षं नोकरी झाली, पण तुम्ही काही केल्याचं दिसत नाही. ते कॉलेज नोकरीतल्या माणसांनाही घेतं म्हणे. तुम्ही अर्ज करा. अनुभव कमी पडेल, पण शिफारसपत्र दणदणीत असलं की चालून जातं.”

“ते... तुम्ही द्याल?”

“मी कशी देणार? थेट वरिष्ठांचं लागतं,” बाई म्हणाल्या. “खाली जा आणि तिच्याकडे मागा.”