गल्लीकडची भिंत

“हे स्टूल इथून हलवता येईल का?” फोटोग्राफरने विचारलं, तेव्हा मोठी बहीण धुण्याच्या खोलीत त्याच स्टुलावर बसून आईच्या टॉवेलांच्या घड्या घालत होती.

ती उठली. स्टूल मात्र तिने उचललं नाही. आईला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता, आणि धाकट्या भावाने आईसाठी बांधलेल्या घराचे फोटो काढायला मासिकाची माणसं सकाळीच येऊन थडकली होती. भाऊ आर्किटेक्ट. या घराने त्याचं नाव झालं होतं.

बाहेरच्या खोलीत तो मासिकाच्या बाईंना समजावून सांगत होता, की घर जागेवर आणून ठेवायचं नसतं, ते जागेतून उगवावं लागतं. दगड इथल्याच खाणीतला. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेत अख्खा डोंगर. गल्लीच्या बाजूला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दगडी भिंत. तिकडे बघण्यासारखं होतं तरी काय, गटार आणि स्कूटर. बाई भराभर लिहून घेत होत्या. त्या भिंतीवर तर त्या निहायत खूश होत्या.

मोठीला ती भिंत कागदावर होती तेव्हापासून माहीत होती. जुन्या घरात स्वयंपाकघराचं दार गल्लीत उघडायचं आणि आईचा निम्मा दिवस त्या दारात जायचा. नव्या घरासाठी तिने एवढंच मागितलं होतं: गल्लीकडे एक दार. दार नाही तर निदान खिडकी. घराचं तोंड डोंगराकडे आहे, दोन्हीकडे तोंड करून कसं चालेल, असं धाकटा म्हणाला, आणि आईने मान हलवली. पोराच्या हुशारीपुढे ती नेहमीच मान हलवायची. काचेजवळ त्याने तिच्यासाठी आरामखुर्ची मांडली, पण तिथे ती काही टिकली नाही. “डोंगराला काय विचारू?” ती मोठीला फोनवर म्हणाली होती, “आज भाजी काय केलीस म्हणून?”

धुण्याच्या खोलीत त्या दगडी भिंतीला एक उभी फट होती, हात जेमतेम जाईल एवढी. सकाळी तिच्यातून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर पडायचा. धाकट्याने ती त्या पट्ट्यासाठीच ठेवली होती; नकाशात पिवळ्या पेन्सिलीने ऊन रंगवून त्याने ते सगळ्यांना दाखवलंही होतं. फोटोग्राफरला आज तोच पट्टा हवा होता.

बाईंना घेऊन भाऊ आत आला आणि स्टूल बघून थबकला.

“हे कशाला इथे, ताई?”

“आई इथे बसायची.”

“इथे? वॉशिंग मशीनजवळ?” त्याला हसू आलं. “मशीन थांबायची वाट बघत असेल.”

त्याने स्वतःच स्टूल उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं. मोठीने टॉवेल छातीशी धरले.

फोटोग्राफरने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि पट्टा विझला. बाहेर फटीशी कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

“कोण आहे गं आत?”

समोरच्या काकूंचा आवाज. मोठी पुढे होणार, तेवढ्यात धाकटा वाकला आणि त्याने फटीला तोंड लावलं. घर बांधून तीन वर्षं झाली होती, तिथून तो पहिल्यांदाच बोलत होता.

“काकू, जरा बाजूला होता का? फोटो काढतोय. उजेड अडतोय.”

“तू होय,” काकू म्हणाल्या. “आवाज आला म्हणून पाय थांबले. सवयच लागलीय रे. तुझी आई रोज इथेच भेटायची. एवढी काच लावलीस घराला, पण बोलायचं तर इथूनच. पोरगा गुणी आहे हो तुमचा, मी म्हणायचे तिला. ती म्हणायची, दार नाही जमलं त्याला, पण ही फट मुद्दाम ठेवली माझ्यासाठी. तुमच्याशी बोलता यावं म्हणून.”

चपला फटफटत दूर गेल्या. पट्टा पुन्हा भिंतीवर पडला. धाकटा तसाच वाकून उभा होता.

बाईंचं पेन थांबलं होतं. “हे तुम्ही बोललाच नाहीत,” त्या म्हणाल्या. “ही फट आईंसाठी होती?”

त्याने पाठ सरळ केली. शर्टाला लागलेली दगडाची पूड झटकली. मोठी त्याच्याकडे बघत राहिली. आता तरी हा खरं बोलेल, तिला वाटलं. मला माहीत नव्हतं, एवढं जरी म्हणाला असता, तरी तिने त्याला सगळं माफ केलं असतं.

“हो,” तो म्हणाला. “घराची सुरुवातच तिथून झाली.”

बाईंचे डोळे भरून आले. लेखाची सुरुवातही इथूनच करते, असं म्हणून त्या मोठीकडे वळल्या. हे असंच लिहिलं तर चालेल ना, त्यांनी विचारलं.

आईने मागितलेलं ते दार आणि नकाशातलं ते पिवळं ऊन मोठीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते बोलून दाखवलं असतं, तर तीन वर्षं गल्लीला मुलाचं कौतुक सांगणारी आई खोटी पडली असती.

“लिहा,” ती भावाकडे बघत म्हणाली. “आमची आई खोटं बोलायची नाही.”