लॅपटॉपचा उशीर

"केतकी, तू पुन्हा तालापुढे पळतेयस," गोगटेबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. समूहगान स्पर्धा सुरू व्हायला अर्धा तास उरला होता. मागे उभ्या असलेल्या वीस मुलींची लय सुटत चालली होती, आणि बाईंचा धीरही.

केतकी आपला कीबोर्ड शाळेच्या जुन्या लॅपटॉपला जोडून वाजवायची. बासरी, व्हायोलिन, सगळे आवाज त्यातूनच यायचे. महिनाभर ती तालाला पक्की होती. आज मात्र तिचा प्रत्येक सूर तालाच्या आधीच हजर.

"बाई, मी रोजच्यासारखीच वाजवतेय हो." केतकी रडवेली झाली.

"मग माझेच कान गेले म्हणायचे."

साउंडवाला नितीन वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "बाई, तुमचा लॅपटॉप फार सुस्त होता. पट्टी दाबली की आवाज जरा मागून यायचा. मघाशी नीट करून टाकला."

बाई खुर्चीत बसल्या. म्हणजे तालात राहण्यासाठी पोरगी महिनाभर प्रत्येक पट्टी तेवढी आधी दाबत होती, कुणी न शिकवता. आणि आपण तिलाच बोललो.

"पूर्वीसारखा करून द्या."

"बिघडवू? लोक माझ्याकडे उलटं काम घेऊन येतात."

"बिघडवा हो, लवकर."

नितीनने कपाळाला हात लावला आणि लॅपटॉप पूर्ववत केला. बाईंनी हाताने ताल धरला, केतकीने पट्टी दाबली. सूर अगदी तालावर उमटला.

"मुलींनो, चूक माझी होती," बाई म्हणाल्या. "आता माझ्या हाताकडे बघू नका. केतकीबरोबर गा."