उशाची चप्पल

"चप्पल दे म्हणते ना!" मी वरडले. कापूस वेचायला बाया कवाच पुढं गेल्या, अन् ही आठ वर्षांची पोर गठुडं कवटाळून गप्प. नामांतराच्या दंगलीत मेलेल्या माझ्या बहिणीची लेक. चार महिने झाले, तोंडातून एक शब्द न्हाई. रोज सकाळी माझी चप्पल मात्र तिच्या उशाच्या गठुड्यात. समजावलं, रागावले, काल तर हातबी उचलला. आजबी गठुडं हिसकून सोडलं. तिचा झगा, वाळली भाकर अन् माझी चप्पल. "लय झालं आता! मी काय अनवाणी जाऊ?" चार महिन्यांत पयल्यांदाच ती पुटपुटली, "माय अनवाणीच पळाली. काटे मोडले पायात, मागं राह्यली. पळताना तुझी सापडावी म्हून बांधून ठिवते." डोकं धरून बसले. आता पळायचं न्हाई, किती सांगावं? तवापासून तिला झोप लागावी म्हून, चरफडत का होईना, चप्पल घालूनच आडवी होते.