उसना कोट

अमेरिकेतल्या इंडियानाच्या रानात आम्ही कसत होतो ती जमीन सरकार लिलावात काढणार होतं. "आम्ही कंगाल आहोत, दया करा," असा अर्ज कोणी केला? वस्तीतल्या सगळ्यात गब्बर ओबेद टटलने! चौकशीला सरकारी साहेब येणार म्हटल्यावर हा लबाड केझाया काकूच्या खोपटात जाऊन बसला, अंगावर तिच्या मेलेल्या नवऱ्याचा फाटका कोट चढवून. काकूला म्हणाला, "तू तोवर माझ्या घरी शेकत बस."

साहेबाने बायबल पुढे केलं. ओबेदने त्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. "देवाशपथ साहेब, या खोपटाशिवाय माझं काही नाही."

साहेब विरघळला. "लिलाव रद्द. जो ज्या घरात राहतो, तिथली जमीन त्याची," म्हणाला आणि नावं लिहून घ्यायला थेट शेजारच्या मोठ्या घरी, म्हणजे ओबेदच्याच घरी निघाला. ओबेद घाबरून मागोमाग.

आत केझाया काकू चुलीपाशी बसून ओबेदचंच डुकराचं मांस चापत होती.

"आजी, हे घर कोणाचं?"

ओबेदने तोंड उघडलं, साहेबाच्या हातातलं बायबल पाहिलं आणि मुकाट मिटलं.



"माझंच की, साहेब. या भिकारड्याच्या अंगावरचा कोटसुद्धा मीच दिलाय."