नावाभोवतीच्या खुणा

एकेचाळीस बोटी दर्यात, वादळ तासाभरावर, आणि प्राप्तीच्या पडद्यावर चूक दाखवणारी एकच लाल ओळ. एकही निरोप गेला नव्हता.

दुपारचे साडेतीन वाजले होते. उरणजवळच्या त्या कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटीच्या खोलीत बायकांनी दारापर्यंत दाटी केली होती. खोल दर्यात मोबाईलची रेंज नाही, वायरलेसवर नुसती खरखर. उरलं होतं ते प्राप्तीनं बसवलेलं काम. तिची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञा, बोटींची यादी वाचून दुसरी स्क्रिप्ट लिहायची. ती दुसरी सोसायटीच्या लांब पल्ल्याच्या टॉवरवरच्या संगणकात जायची आणि तिथून एकेका बोटीवरच्या यंत्राला ‘वादळ येतंय, परत या’ म्हणून सांगायची. मोठ्या तोऱ्यात बसवलं होतं पोरीनं! आणि तपासून पाहिलं होतं ते फक्त आपल्या बापाच्या बोटीवर.

“काय जाला गो?” सोसायटीच्या कृष्णाबाईनं विचारलं.

“एका नावात अडकलंय.”

ते नाव वेणूबाईच्या बोटीचं. तिच्या थोरल्याला, विनेशला, दोन वर्षांपूर्वी दर्यानं नेलं. यंदा नारळी पुनवेला धाकट्या निकेतनं नवी बोट पाण्यात घातली आणि तिला भावाचं नाव दिलं. गेलेल्या माणसाचं नाव बोटीवर घालायचं तर दोन्ही बाजूंना अवतरणाच्या खुणा काढायच्या, ही त्या वाड्याची रीत. नाहीतर जित्या माणसाचं नाव समजून दर्या पुन्हा मागायला येतो म्हणतात. वेणूबाईनं त्या खुणा नोंदणीतही हट्टानं लिहायला लावल्या होत्या, आणि बोटीवरचं यंत्र आता तेवढ्याच नावाला ओ द्यायचं. खुणा गाळाव्यात तर त्या बोटीला निरोप मिळणार नाही. ठेवाव्यात तर, संगणकाच्या भाषेत तीच खूण मजकूर संपल्याची, म्हणून दुसऱ्या स्क्रिप्टला वाटायचं, मजकूर इथंच संपला. पुढचं सगळं तिला बरळणं. मग ती मुळी सुरूच व्हायची नाही.

प्राप्तीला इलाज ठाऊक होता. खुणेच्या आधी बॅकस्लॅशची तिरकी रेघ मारली की यंत्राला कळतं, ही खूण नावातलीच आहे. तिनं रेघा मारल्या, पाठवलं. टॉवरवरून उत्तर यायला चार मिनिटं लागली. पुन्हा तीच लाल ओळ.

“अगं, असं कसं!” ती ओरडलीच. बाहेर धक्क्यावरचे पत्रे थडाथडा वाजायला लागले होते.

“त्या येकाचं नाव काढ,” मागून नीराबाई म्हणाली. तिचा नवरा आणि दीर दर्यात होते. “चाळीस तरी येतील घरला.”

वेणूबाई तिथंच होती, खिडकीला टेकून. कुणी तिच्याकडं पाहिलं नाही. प्राप्तीनंही नाही. चाळिसांतली एक बोट काळूराम नाखव्याची होती, प्राप्तीच्या बापाची. तिनं यादीतली ती एक ओळ पुसली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढं चाळीस बोटी नव्हत्याच, एकच होती.

निरोप गेले. पडद्यावरच्या नकाशात बोटींचे ठिपके हिरवे होऊ लागले. हिरवा म्हणजे नाखव्यानं ऐकलं, बटण दाबलं. बायका नावं घेत रडत होत्या, हसत होत्या. सातवा हिरवा ठिपका काळूरामचा. प्राप्तीचा जीव भांड्यात पडला, आणि लगोलग तिला स्वतःची किळस आली.

“आता माज्या पोराचं बग,” वेणूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, तेच सोसवेना.

तेव्हा कुठं प्राप्तीला सुचलं, की पहिलीनं लिहिलेली दुसरी स्क्रिप्ट एकदा उघडून तर बघावी. बघते तर तिरकी रेघ गायब! ती आपल्यासाठीच आहे असं समजून पहिलीनंच ती गिळली होती, आणि दुसरीच्या हाती उघडी खूण दिली होती. रेघा दोन हव्या होत्या. एक पहिलीनं खायची, एक पुढं पोचायची. एवढंच! आधी बघितलं असतं तर कुणालाच गाळावं लागलं नसतं. तिनं दोन-दोन रेघा मारल्या. या खेपेला लाल ओळ आली नाही.

“गेला, काकी! गेला निरोप!”

पण निकेतचा ठिपका हिरवा झाला नाही. मधल्या वेळात तो मासळीमागं आणखी खोल दर्यात गेला होता, टॉवरच्या टप्प्याच्या अगदी काठावर. ठिपका दिसायचा, नाहीसा व्हायचा.

“हिरवा न्हाय जाला.”

“होईल. पाठवतेय मी. सारखी पाठवतेय.”

बायका धक्क्याकडं पळाल्या. खोलीत दोघीच राहिल्या. हिरवे ठिपके किनाऱ्याकडं सरकत होते. वेणूबाईनं वाकून पडद्यावर नख ठेवलं.

“ह्यो कोन गो? ह्यो येकटाच भायेर चाललाय.”

प्राप्तीनं बाण त्या ठिपक्यावर नेला. शेजारची बोट वळली नाही तर तिला हाक घातल्याबिगर आपण वळायचं नाही, असं म्हणणारा माणूस तिच्याच घरात होता. नाव वाचायची तिला गरज नव्हती.

“बाबा आहेत,” ती म्हणाली. “निकेतकडं निघालेत.”

वेणूबाईनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, “बोलव गो त्याला. त्याला तरी माघारी बोलव.”

प्राप्तीचा हात कळफलकावरच होता. बाबांना माघारी बोलवायला एक कळ पुरली असती. तिनं हात उचलला आणि मांडीवर ठेवला.