पाडस घरी येतं

"अंजना, हे चुकीचं छापलंय गं."

"दाखवा बघू, मावशी."

बेलवलीच्या साक्षरता वर्गात अंजना शिकवायची. वेणूबाईंनी पिशवीतून लेकीचं, तुळशीचं, जुनं गोष्टींचं पुस्तक काढलं. पोर लहान असताना वेणूबाईंचे यजमान शंकरराव कारखान्यातून आले की मायलेकींना त्यातली पाडसाची गोष्ट वाचून दाखवायचे. आईचं न ऐकता पाडस रानात जातं. शेवटी घरी येतं, आई त्याला चाटते.

पुस्तकात वाघ पाडसाला खात होता. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं : थोरांचे न ऐकणाऱ्याची हीच गत.

"पूर्वीची पुस्तकं अशीच असायची," अंजना म्हणाली. "पोरांना नुसता धाक. काकांनी बदलून वाचलं असेल."

वेणूबाई घरी आल्या, पण मन ठिकाणावर नव्हतं. जो माणूस पुस्तक बदलून वाचतो, तो लेकीची पत्रं बदलून वाचणार नाही?

सात वर्षांपूर्वी तुळशीनं पळून जाऊन नगरच्या अनंताशी लग्न केलं. दर दोन महिन्यांनी तिचं पत्र यायचं. शंकरराव वाचायचे, "मजेत आहे. इकडे येऊ नका. सासूला खपत नाही." वेणूबाई फक्त पत्राचा कोपरा बघायच्या. वाईट बातमीच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो. हा शाबूत, म्हणजे लेक सुखरूप.

जायचं नाव काढलं की शंकरराव दार अडवून उभे.

"एकटी नगरला? एसटीची पाटी तरी वाचता येते का?"

म्हणून तर त्या शिकल्या. भाजी आणायला म्हणून जायच्या आणि वर्गात बसायच्या.

त्या दिवशी शंकरराव खरवईला भावाकडे गेले होते. वेणूबाईंनी दोन लुगडी पिशवीत कोंबली. लेक बोलावत असणार, आणि हा माणूस आपल्याला कोंडून ठेवतोय. आता फक्त पत्ता हवा होता; जुनी पत्रं शंकररावांच्या कुलूपबंद पेटीत होती.

तेवढ्यात पोस्टमन दारात आला. "काकू, नगरचं पत्र."

कोपरा शाबूत होता. त्यांनी घाईघाईनं पत्र उघडलं आणि उंबऱ्यातच बसून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागल्या.

"मामांस अनंताचा नमस्कार. तुळशी वारली त्याला पाच वर्षं झाली. मामींच्या समाधानासाठी तुम्ही सांगितलंत तशी पत्रं टाकत आलो. पुढच्या महिन्यात माझं दुसरं लग्न आहे. यापुढे पत्र येणार नाही."